मातीला नमस्कार

क्रिकेटच्या शौकिनानं उन्हात तापावं. कबड्डीवाल्याचा सारा कारभार रात्रीचा! जेवण आटोपावं, कानाला मफलर गुंडाळावा आणि लालबाग-परळकडच्या एखाद्या मैदानात जागा धरावी. चढाई करणारा दम घुमवतो, श्वास मात्र आपला कोंडतो! सामना संपला तरी घरी कोण जातो? पाय रेषेला लागला होता की नव्हता, याचा निकाल चहाच्या तिसऱ्या कपाशिवाय लागत नाही. हीही एक रीतच.

बाकी रीती फार बदलल्या, बुवा! हुतुतूची कबड्डी झाली. 1936 साली अमरावतीच्या मंडळींनी ती बर्लिनला दाखवली. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत भारतानं तिचं सुवर्णपदक आणलं. 2014 साली प्रो कबड्डी आली आणि चढाईला 30 सेकंदांचं घड्याळ लागलं. मातीच्या जागी मॅट आली.

पण मैदानात शिरताना खेळाडू अजून वाकतो, बोटं खाली टेकवून कपाळाला लावतो. खाली माती नाही, हे त्याला ठाऊक नसतं होय? असतं. पण नमस्कार मॅटला नसतोच मुळी; ज्या मातीनं गुडघे फोडून खेळ शिकवला, तिला तो असतो. अशा वेळी आमच्यासारख्या नुसत्या बघ्याचाही हात नकळत कपाळाकडे जातो.