रात्री वाचायची गोष्ट



गेल्या महिन्यात शनिवारच्या बैठकीनंतर जे घडलं ते आधी सांगते. कुणीतरी रद्दीवाल्याकडून ‘माहेर’ आणि ‘मेनका’चे जुने अंक आणून टेबलावर ठेवले होते. शेजारी आपल्या त्रैमासिकाचा नवा गठ्ठा. सातपूरहून येणारी आपली एक मैत्रीण, कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते, ती निघताना त्यातले दोन जुने अंक पिशवीत टाकू लागली. आपला अंक तिने उचललाच नाही. मी जरा खोचकपणेच विचारलं, “अगं, आणि आपला?” ती हसली. “ताई, तुमचा मी इथं बसून वाचते की. रात्री मला हेच बरं वाटतं. तुमच्या अंकात माझंच घर असतं. ते परत घरी नेऊन कशाला वाचू?”

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर राग आला. इतकी वर्षं आम्ही कार्यकर्त्यांनी शिबिरांमधून या गोड कथांची चिरफाड केली आहे. सोशिक सून, वरून फणसासारखी काटेरी पण आतून गोड सासू, अबोल पण प्रेमळ नवरा, आणि शेवटी देवघरातल्या निरांजनाच्या उजेडात सगळ्यांचे डोळे भरून येणं. कथा कशी रचली जाते हे आम्हांला पाठ होतं, आणि ती वाचणाऱ्या बाईला काही कळत नाही असंही आम्ही मनातून धरून चाललो होतो. टीका चुकीची होती असं मला आजही वाटत नाही. वाचणाऱ्या बाईबद्दलचा अंदाज मात्र साफ चुकला होता. ती मैत्रीण दोन्ही अंक वाचते आणि कोणता कशासाठी, हे तिला नेमकं ठाऊक आहे.

त्या रात्री मला माझी आई आठवली. आमच्या वाड्यात वाचनालयाचा माणूस सायकलवरून मासिकं घेऊन यायचा. दुपारी भांडी आवरली, की आई ओटीच्या खांबाला टेकून बसायची. दोन ते तीन. तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारलेली चालत नसे. दिवसभर “अगं, पाणी”, “अगं, माझा सदरा” म्हणणारे आम्ही सगळे त्या तासाला मुकाट असायचो, कारण हाक मारली तरी ती ‘ओ’ देत नसे. गोष्टीत ती पदर डोळ्यांना लावायची आणि मग उठून चहाचं आधण ठेवायची. पुढे कॉलेजात गेल्यावर मी तिला म्हटलं होतं, “काय ते रडूबाईचं वाचतेस!” ती काही बोलली नाही. आज ती नाही, आणि त्या वाक्याची मला लाज वाटते. घरात तिच्या मालकीचा तेवढाच एक तास होता, आणि तो मी थट्टेवारी नेला.

अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने हेच पाहिलं होतं. प्रेमकथा वाचणाऱ्या साध्या गृहिणींशी ती बोलली, आणि १९८४ साली तिचं ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक आलं. त्या बायकांच्या लेखी गोष्टीइतकंच महत्त्व पुस्तक उघडून बसण्याला होतं. पुस्तक हातात आहे, तोवर मी कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. आणि गोष्टीत त्यांना हवा असायचा तो काळजी घेणारा माणूस, कारण घरातल्या सगळ्यांची काळजी त्या घ्यायच्या, त्यांची घेणारं कुणी नव्हतं. ओटीच्या खांबापासून हे काही फार लांब नाही.

आपल्याकडच्या घरगुती कथांत बायका काय मागतात ते जरा मोजून पाहा. बंगला नाही, दागिने नाहीत. ताप आला तर कपाळावर हात. उशीर झाला तर “जेवलीस का?” असा प्रश्न. सासूने न सांगता केलेला एक कप चहा. एवढ्याशा गोष्टीसाठी कथेत आठ पानं खर्ची पडतात आणि वाचणारीचे डोळे भरून येतात, यावरून ही एवढीशी गोष्ट घरोघरी किती दुर्मिळ असेल ते कळतं. आम्ही जिला भाबडेपणा म्हणत होतो ती मला आता तक्रार वाटते. फक्त ती अर्जाच्या भाषेत लिहिलेली नाही.

मराठीतली घराच्या उबेची सर्वांत मोठी गोष्ट आपल्या नाशिकात लिहिली गेली, आणि तीही तुरुंगात. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या कारागृहात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. आई जाऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती, घर सुटलं होतं, भोवती भिंती होत्या. उबेची गोष्ट अशाच माणसाकडून लिहिली जाते, आणि वाचलीही बहुधा अशाच माणसाकडून जाते. नाशिकरोडवरून जाताना त्या भिंती दिसल्या, की मला हे आठवतं.

ते पुस्तक मी परवा पुन्हा वाचलं, या वेळी आपला चष्मा लावून. रडले, हे आधी कबूल करते. आई दिवाळीत भाऊबीजेच्या पैशांतून नवऱ्यासाठी धोतर आणवते, तिथे लहानपणीही रडले होते. आता मात्र मनात आलं, तिच्या लुगड्याचं काय? तिला भावाने घातलेली ओवाळणी, तीही तिच्यापाशी राहिली नाही. पण पुस्तकाला एक श्रेय द्यायलाच हवं. ते हिशेब लपवत नाही. कर्ज, सावकाराच्या माणसाने केलेला अपमान, दारिद्र्य, आजारपण, आणि मुलगा जवळ नसताना आलेलं मरण हे सगळं त्याच पानांवर आहे. ‘अर्धनारी नटेश्वर’ नावाच्या प्रकरणात तर घरकामाला हात लावणारा श्यामही आहे. आपण पुढच्या नव्वद वर्षांत मुलांना आईची महती पाठ करायला लावली, आणि ते प्रकरण बहुधा चाळून पुढे गेलो.

त्याच १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. मालतीबाई बेडेकर, म्हणजे तेव्हाच्या बाळूताई खरे, यांनी शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं आणि केवढा गहजब उडाला! प्रेम आणि घर याच मुली मागत होत्या, पण ते मिळत नाही असं स्पष्ट म्हणत होत्या. एका पुस्तकाला घरोघरी जागा मिळाली, दुसऱ्याच्या लेखिकेला नाव लपवावं लागलं. आम्ही चळवळीतल्या बायका नेहमी दुसऱ्याच्या बाजूने उभ्या राहिलो, आणि ते बरोबरच होतं. माझ्या आईच्या उशाशी मात्र पहिलं असायचं. दोन्ही पुस्तकं एकाच घरातली आहेत, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

तरीही मला या कथांची भीती वाटते, आणि तीही उगाच नाही. आपल्या सल्ला केंद्रावर एक बाई आली होती. नऊ वर्षं मार खाल्ला होता. कायदा तिला माहीत होता, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचं पत्रकही कुणी दिलं होतं. मग एवढी वर्षं का थांबलीस, असं विचारलं तर म्हणाली, “वाटायचं, एक दिवस त्यांना कळेल.” गोष्टीत कळतं ना! शेवटच्या परिच्छेदात कळतं. बाई नऊ वर्षं त्या परिच्छेदाची वाट पाहत होती. आता तर मोबाईलवर रोज सकाळी अशी एक ‘हृदयस्पर्शी’ कथा येऊन पडते, लेखक अनामिक, आणि तिच्यात सुनेने सोसलं की सासू वितळते. ऊब ही बाईच्या सोसण्यातूनच तयार होते, हा त्यातला विषारी भाग.

ऊब तयार करायला वेळही लागतोच. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, करणाऱ्या पुरुषाचे ९७. कथेतल्या गरम भाकरीच्या वासात ही मिनिटं कुठे दिसत नाहीत.

संपादक मंडळात यावर दोन बैठका वादळी झाल्या. एक मैत्रीण म्हणाली, “आपण काय साखर वाटायला बसलोय का?” दुसरीने विचारलं, “मग बायकांना सुख कसं असतं ते कोण सांगणार? फक्त जाहिराती?” शेवटी ठरलं ते असं. पुढच्या अंकापासून आठ पानं घर आणि प्रेम यांच्या गोष्टींना. शेवट गोड असायला काहीच हरकत नाही. अट एकच, घरात चूल कुणी पेटवली हे गोष्टीत दिसलं पाहिजे, आणि कुणाचं मन वळत असेल तर ते का वळलं, कुणी काय केलं म्हणून वळलं, हेही. नुसते डोळे भरून आले असं चालणार नाही. सल्ला केंद्राची पानं मात्र कमी होणार नाहीत, हे दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींना लेखी दिलं आहे.

सातपूरच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “माझ्याकडे एक आहे.” तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा जावेने सव्वा महिना तिच्या वाटचं धुणं, पाणी, भाकरी सगळं केलं. दोघींचं त्याआधी दोन वर्षं बोलणं नव्हतं. “पण यात नवरा कुठेच नाही, चालेल का?” चालेल, म्हटलं.

ती लिहिणार नाही, सांगणार आहे. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा किंवा संकोच असेल त्यांनी अशाच शनिवारी दुपारी तीननंतर यावं, आमच्यापैकी कुणीतरी वही घेऊन बसलेली असेल.