सूर्य जवळ येत नाही, डोक्यावर येतो

मे महिना लागला की नांदेड जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नायगावच्या पारावर, चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते : 'सूर्य जवळ आलाय.' अनेक सुशिक्षित माणसांचीही अशीच समजूत असते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण शेकोटी पेटवतो तेव्हा. त्या वेळी हे अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते. जुलैच्या सुरुवातीला ते १५.२ कोटींवर जाते. अंतरामुळे ऋतू होत असते तर नायगावात जानेवारीत उन्हाळा असता आणि साऱ्या जगातही तेव्हाच असता. पण जानेवारीत आपल्याकडे थंडी असताना ऑस्ट्रेलियात कडक उन्हाळा असतो.

खरे कारण पृथ्वीच्या कलण्यात आहे. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे आणि सूर्याभोवती फिरताना तो वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. या झुकण्याने दोन गोष्टी बदलतात : ऊन किती सरळ पडते आणि दिवस किती मोठा होतो.

नायगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १९ अंशांवर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येथे भर माध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. तिरपे ऊन जास्त जमिनीवर पसरते, म्हणून त्याचा जोर कमी पडतो. शिवाय दिवस अकरा तासांचाच असतो. मेच्या मध्यावर हेच ऊन थेट डोक्यावरून पडते आणि दिवस तेरा तासांवर जातो. नायगावात १६ मेच्या आसपास दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. २८ जुलैच्या आसपास तो पुन्हा माथ्यावर येतो, मात्र तेव्हा बहुधा ढग असतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीची सावली नेहमीसारखी उत्तरेकडे न पडता दक्षिणेकडे पडते. अंगणात काठी रोवून कुणीही हे पाहू शकतो.

मग उन्हाचा कहर मेमध्येच का, जूनच्या अखेरीस का नाही? मेमध्ये काळी जमीन उघडी आणि कोरडी असते. ओलावा असेल तर उन्हाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओलावा नसला की ती सगळी जमीन आणि हवा तापवते. जूनमध्ये ढग येतात, माती भिजते आणि पारा उतरतो. पाऊस आणणारा मोसमी वाराही याच कलण्याचे देणे आहे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि दमट वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागतात.

पंचांगातील नक्षत्रे मात्र या कलण्याशी नव्हे, तर ताऱ्यांशी बांधलेली आहेत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय मंद गतीने डुलतो, त्यामुळे ताऱ्यांवर आधारलेल्या तारखा ऋतूंच्या तुलनेत दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकतात. 'संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो' असे आपण म्हणतो. पण तो २२ डिसेंबरपासूनच वाढू लागलेला असतो. सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. मृग नक्षत्र आज ७ किंवा ८ जूनला लागते, तेही असेच सरकत आलेले आहे. म्हणून पेरणीसाठी केवळ नक्षत्रावर विसंबू नये. जमिनीतील ओल आणि हवामान खात्याचा अंदाज पाहावा.

आता मुद्दा आरोग्याचा. पृथ्वीचे कलणे २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान बदलते खरे; पण त्या फेऱ्याला सुमारे ४१ हजार वर्षे लागतात. एका माणसाच्या आयुष्यात त्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. वाढत्या उष्णतेचा दोष त्यामुळे सूर्याच्या वाटेला देता येत नाही. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने वाढलेले होते. हे इंधनांच्या धुराचे फळ आहे. ऋतूंचे वेळापत्रक तेच आहे, त्यातली उष्णता वाढली आहे.

वेळापत्रक ठाऊक असतानाही दरवर्षी उष्माघाताचे रुग्ण 'अचानक' येतात, हे न पटणारे आहे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते. ही सवय होण्याआधी आलेली पहिली लाट म्हणूनच अधिक घातक ठरते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील सोहळ्यात उन्हाचा त्रास होऊन चौदा जण दगावले. तेव्हा मे उजाडलाही नव्हता.

त्यामुळे तयारी मार्चमध्येच पूर्ण व्हायला हवी. उष्माघात कक्ष केवळ फलक लावून होत नाही. तेथे बर्फ, पंखे, थंड पाणी आणि विजेची पर्यायी सोय लागते. रोजगार हमीची कामे आणि वीटभट्ट्या दुपारी बारा ते चार बंद राहाव्यात, आणि त्यापायी मजुरी कापली जाऊ नये. मजुरी बुडणार असेल तर कुणीही सावलीत बसणार नाही. नव्या मजुराला पहिले काही दिवस कमी तास काम द्यावे. पत्र्याच्या घरांत रात्रीही उष्णता साठते. तेथील वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांची चौकशी आशाताईंकडे सोपवता येईल.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे, लघवी गडद होणे ही पहिली सूचना आहे. अशा वेळी काम थांबवून सावलीत बसावे आणि ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. अंग भट्टीसारखे तापले आणि माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत वारा घालावा. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी तर मुळीच घालू नये. मेंदू आणि मूत्रपिंड वाचतात ते पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड केल्याने.

पुढच्या वर्षीही १६ मेच्या आसपास नायगावात सावली नाहीशी होईल. तोवर सावल्या उभ्या करायच्या की नाहीत, हे ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत आजच ठरवता येते.