विश्वासाचे माप कुणी द्यावे?

ताप मोजण्यास थर्मामीटर आहे. दुखणे मोजण्यास मात्र सोसणाऱ्याचा शब्द हेच मुख्य साधन आहे. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा रुग्ण जे सांगतो त्याचा मान राखावा, असे तिने आवर्जून नमूद केले. मग तो रुग्ण आठ वर्षांचा असला तर?

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्यास दीर्घकालीन वेदना म्हणतात. सिकलसेल, बालसंधिवात, वरचेवर उठणारी पोटदुखी यांनी गांजलेल्या मुलांना नुसते औषध पुरत नाही. व्यायाम, वेळेवर झोप, पुन्हा शाळेत जाणे हे सारे मुलालाच करावे लागते. आणि सांगणाऱ्यावर विश्वास असल्याशिवाय ते मनापासून होत नाही. म्हणजे डॉक्टर आणि मूल यांचे नाते हाही उपचाराचाच भाग आहे.

हे नाते मोजता येते का? एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये त्याची तीन अंगे सांगितली: ध्येयाविषयी एकमत, करावयाच्या गोष्टींविषयी एकमत आणि परस्परांविषयीचा जिव्हाळा. त्यावरून हॉर्वाथ व ग्रीनबर्ग यांनी १९८९ मध्ये ३६ विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. परंतु ती मुळात समुपदेशक आणि प्रौढ व्यक्ती अशा दोघांसाठी होती. मुलाच्या बाबतीत तिसरी खुर्ची आईची असते. डॉक्टर मुलाला विचारतात, उत्तर आई देते. शाळा बुडू नये, यावर दोघांचे एकमत होते. मुलाला मात्र मैदानावर धावायचे असते!

त्यात आपले सोलापूर बहुभाषिक. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. मराठीतसुद्धा ठणका निराळा, कळ निराळी, चमक निराळी. ज्याला आपले दुखणे डॉक्टरांच्या भाषेत सांगता येत नाही, त्याने ‘डॉक्टर मला समजून घेतात’ या विधानापुढे कोणती खूण करावी?

जिव्हाळा का तराजूत घालायचा असतो, असे कुणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. पण मोजलेच नाही, तर मुलाचे गप्प राहणे हीच संमती समजली जाते. म्हणून मोजावे; मात्र मुलाच्या घरच्या भाषेत, सोप्या चित्रांच्या आधाराने, डॉक्टर व आई समोर नसताना आणि एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा. आलेला आकडा डॉक्टरांची गुणपत्रिका ठरू नये. पुढच्या भेटीत काय बोलावे, हे त्याने ठरावे. एरवी आपण मोजू ते मोठ्यांचे समाधान, आणि नाव देऊ मुलाच्या विश्वासाचे.