एकच थप्पड, दोन कलमे

विवाहितेचा छळ आणि अटकेला विरोध हे दोन गुन्हे कायद्याच्या पुस्तकात एकमेकांपासून बरेच दूर छापलेले आहेत. प्रत्यक्षात ते पुष्कळदा एकाच रात्री आणि एकाच उंबरठ्यावर घडतात. बायकोला मारहाण होत असल्याची खबर ११२ क्रमांकावर जाते, पोलीस येतात, घरातला पुरुष ‘हा आमच्या घरचा मामला आहे’ असे म्हणत त्यांना ढकलतो आणि उजाडेपर्यंत त्याच्यावर दोन वेगळ्या प्रकारची कलमे लागलेली असतात. पुढे शिक्षा होते, तो अपिलात जातो आणि तेथे या दोन गुन्ह्यांच्या वाटा पुन्हा फुटतात. त्या कोठे फुटतात आणि त्यात तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या हाती काय उरते, याचा विचार फारसा होत नाही.

उदाहरणादाखल हिवरा आश्रम घ्यावे. बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हे गाव शुकदास महाराजांनी स्थापलेल्या विवेकानंद आश्रमामुळे आणि तेथील वार्षिक विवेकानंद जन्मोत्सवामुळे दूरवर परिचित आहे. येथील एखाद्या घरी असा प्रसंग घडला असे मानले, तर छळाचा खटला मेहकरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालेल, शिक्षेविरुद्धचे अपील सत्र न्यायालयात होईल आणि त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. मेहकरहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धी महामार्गामुळे हा प्रवास काही तासांवर आला; खटल्याचा प्रवास मात्र अजून वर्षांतच मोजावा लागतो.

प्रथम शिक्षेचे मोजमाप पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार कोणालाही साधी दुखापत केल्यास कलम ११५(२) खाली कमाल एक वर्ष कैद आहे. तीच दुखापत कर्तव्यावरील लोकसेवकाला केली, तर कलम १२१(१) खाली कमाल पाच वर्षे. पत्नीच्या बाबतीत जोडीला क्रूरतेचे कलम ८५, म्हणजे पूर्वीचे ४९८-अ, लागू शकते आणि त्याची मर्यादा तीन वर्षे आहे. पण ते एका थपडेवर लागत नाही. वागणूक अशी असावी लागते की, तिच्यामुळे स्त्री आत्महत्येस प्रवृत्त होण्याचा किंवा तिच्या जीविताला, शरीराला वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोहोचण्याचा संभव असेल. नाहीतर पैशाच्या, मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी तिचा छळ झालेला असावा लागतो. शिपायाच्या गालावरच्या थपडेला असा कोणताही पूर्वेतिहास लागत नाही.

महाराष्ट्र या बाबतीत आधीच पुढे गेला होता. सरकारी कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी राज्याने २०१८ मध्ये भारतीय दंड संहितेत दुरुस्ती करून कलम ३५३ ची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर आणि ३३२ ची तीनवरून पाचवर नेली. हे खटले सत्र न्यायालयात चालतील, अशीही तरतूद केली. नव्या संहितेत ३५३ ची जागा घेणाऱ्या कलम १३२ ची मर्यादा पुन्हा दोन वर्षांवर आली. तथापि, जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुनाच दंडकायदा लागू आहे आणि ते खटले व त्यांवरची अपिले आणखी कित्येक वर्षे चालू राहणार आहेत. त्यातून एक चमत्कारिक परिणाम उद्भवतो. छळ आणि पोलिसांवरील हल्ला हे एकाच खटल्यात गोवले गेले, तर सगळाच खटला सत्र न्यायालयाकडे जातो आणि पहिले अपील थेट नागपुरास. म्हणजे पतीने शिपायाला ढकलले म्हणून पत्नीच्या तक्रारीचाही मार्ग लांबतो.

मध्यरात्री, दारू प्यायलेल्या माणसाच्या घरात शिरणाऱ्या पोलिसाला कायद्याचे कवच हवे, यात वाद नाही. प्रश्न त्या कवचाच्या तत्परतेचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा कधीकाळी विवाहित असलेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. याच पाहणीत हिंसा सोसलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली होती आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागणे तर दूरच, कोणाजवळ वाच्यताही केली नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे आहेत आणि त्यांत पती व नातेवाइकांच्या क्रूरतेचा वाटा ३१.४ टक्के, म्हणजे सर्वाधिक आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्यांची संख्या एवढी असेल, तर न चढणाऱ्यांची किती असावी याचा अंदाज वरच्या आकड्यांवरून बांधता येतो.

आता अटकेकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ रोजी अर्णेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात बजावले की, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी यांत्रिकपणे अटक करू नये; आवश्यकता लेखी नोंदवावी, एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी. तो खटला ४९८-अ चाच होता. पुढे २२ जुलै २०२५ रोजी शिवांगी बन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. त्यांनुसार अशा तक्रारीनंतर दोन महिने अटक टाळून प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे पाठवायचे आहे. असल्याच समित्यांची कल्पना २०१७ मध्ये याच न्यायालयाने मांडली होती आणि २०१८ मध्ये मोडीत काढली होती. न्यायालयाची ही ये-जा समजण्यास पोलीस ठाण्यातील अंमलदारासच नव्हे, वकिलांनाही कष्ट पडतात. तक्रारींचा गैरवापर होतो, हे खरे असेल. पण दोन महिने ज्या घरात काढायचे, त्याच घरात मारणाराही राहतो, हेही तितकेच खरे आहे.

या निकालांचा अटकेला विरोध करणाऱ्याच्या बचावाशी थेट संबंध आहे. नव्या संहितेचे कलम २६२ (जुने २२४) ‘कायदेशीर’ अटकेला केलेल्या विरोधासच शिक्षा सांगते. अटकेची कारणे नोंदवलेली नाहीत, नोटीस दिलेली नाही, अशी उणीव अपिलात दाखवता आली, तर हे कलम डळमळते. सरसकट मात्र नाही. लोकसेवक सद्भावनेने आणि आपल्या पदाच्या नात्याने वागत असेल, तर त्याच्या कृतीत काटेकोर कायदेशीरपणाची उणीव राहिली तरी स्वसंरक्षणाचा हक्क सहसा मिळत नाही. जीवाला वा गंभीर दुखापतीला रास्त भय असेल, तरच तो मिळतो.

झटापट म्हणजे हल्ला का, हा दुसरा मुद्दा. महेंद्रकुमार सोनकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. २००९ मध्ये लाचेच्या सापळ्यात पकडताना एका पटवाऱ्याने पथकाशी ढकलाढकली केली, म्हणून त्याला ३५३ खाली सजा झाली होती. सुटून जाण्यासाठी केलेली धडपड आणि हल्ला करण्याच्या हेतूने वापरलेले बळ यांत फरक आहे, असे सांगून न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने त्याला निर्दोष ठरवले. या निकालानंतर पोलिसांना ‘झटापट केली’ एवढेच लिहून भागणार नाही. कोणी, कोणाला, कशाने मारले आणि कोठे लागले, हे सांगावे लागेल.

हे सांगणे पोलिसांना अवघड नसते, आणि दोन गुन्ह्यांमधील खरी दरी येथे आहे. जखमी शिपायाची वैद्यकीय तपासणी लगेच होते. पंचनामा त्याचे सहकारी करतात, साक्षीदार गणवेशात असतात, ते फितूर होत नाहीत आणि तारखेला हजर राहतात. उलट त्या स्त्रीच्या अंगावरचे वळ अनेकदा तक्रारीतील एका ओळीत उरकले जातात. शेजारी ‘आम्ही काही पाहिले नाही’ म्हणतात. गावात राहायचे असते. मग अपिलात, ज्या रात्री पोलीस खुद्द दारात उभे होते, त्या रात्रीच्या मारहाणीचाही धड पुरावा नसतो.

अपिलात काळ काय करतो, याचे उदाहरण बुलडाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातच आहे. वरणगावच्या एका विवाहितेने मे २००२ मध्ये आत्महत्या केली. सत्र न्यायालयाने पती व सासरच्यांना एप्रिल २००४ मध्ये छळ आणि आत्महत्येस प्रवृत्त करणे या दोन्ही कलमांखाली दोषी धरले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल आला ऑक्टोबर २०२४ मध्ये, वीस वर्षांनी, आणि सगळे सुटले. स्वयंपाकावरून टोमणे, टीव्ही पाहू न देणे, शेजारी वा देवळात एकटीने जाऊ न देणे, सतरंजीवर झोपायला लावणे, मध्यरात्री पाणी भरायला लावणे, असे आरोप होते. न्यायमूर्ती अभय वाघवसे यांनी म्हटले की, हे गृहीत धरले तरी कायद्याला अपेक्षित असलेली गंभीर क्रूरता ठरत नाही. गावात नळाला पाणीच रात्री दीडच्या सुमारास येत असे आणि सगळीच घरे तेव्हा पाणी भरत, हे साक्षीदारांनीच मान्य केले होते. मृत्यूच्या लगतच्या काळात छळ झाल्याचा पुरावा नव्हता.

कायद्याच्या तर्काने हा निकाल समजण्याजोगा आहे. तरीही देवळात जाण्याची बंदी, झोपण्याची जागा, शेजारणीशी बोलण्याची मनाई या गोष्टी सुट्या सुट्या मोजल्या की क्षुल्लक वाटतात. एकीला एकावर एक सोसाव्या लागल्या की त्यांचे वजन वेगळे होते. हे वजन सांगू शकणारी एकमेव व्यक्ती त्या खटल्यात नव्हती. आणि निर्दोष सुटलेल्यांनीही दोन दशके दोषी म्हणून काढली, याची भरपाई कोणत्या कलमात आहे? राजेश चढ्ढा या उत्तर प्रदेशातील प्रकरणात तर तक्रार १९९९ ची आणि सर्वोच्च न्यायालयातून सुटका मे २०२५ मध्ये.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा मृत्यू झाला, शहर ढवळून निघाले, त्यातून नारी समता मंच उभा राहिला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रद्द केली. परिस्थितीजन्य पुराव्याची जी पाच सूत्रे आजही प्रत्येक फौजदारी वकिलाला तोंडपाठ असतात, ती त्याच निकालातली. मंजुश्रीची पत्रे न्यायालयाने वाचली आणि त्यांतून तिच्या नवऱ्याचा अपराध सिद्ध होत नाही, असे म्हटले. ४९८-अ हे कलम १९८३ च्या अखेरीस आले ते स्त्रीला मृत्यूपूर्वीच दाद मागता यावी म्हणून.

दाद मागितल्यावर तडजोडीचा दबावही येतो. अपील पडून असताना नातेवाईक मध्ये पडतात, मुलांचे नाव पुढे केले जाते, घटस्फोट आणि एकरकमी पोटगीची बोलणी होतात. वैवाहिक वाद मिटला असेल तर उच्च न्यायालय ४९८-अ ची कारवाई रद्द करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बी. एस. जोशी प्रकरणात सांगितले. पोलिसावरील हल्ल्याचे मात्र असे घरात बसून मिटत नाही, कारण तेथे दुखावलेला पक्ष शासन असते. मग पत्नीच्या मारहाणीचा गुन्हा कागदोपत्री नाहीसा झालेला आणि तिला वाचवायला आलेल्या शिपायाला ढकलल्याचा तेवढा उरलेला, असा शेवट संभवतो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा मार्ग वेगळा आहे. त्यात संरक्षणाचा, निवासाचा, पोटगीचा आदेश मिळतो. शिक्षेचा प्रश्न येतो तो संरक्षण आदेश मोडल्यावर, आणि तेथे मर्यादा एक वर्ष कैद वा वीस हजार रुपये दंडाची. शिक्षेविरुद्धच्या फौजदारी अपिलात मात्र वादी-प्रतिवादी आरोपी आणि महाराष्ट्र शासन. २००९ मधील दुरुस्तीने पीडितेला निर्दोष मुक्ततेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला. पतीने शिक्षेविरुद्ध केलेल्या अपिलात ती पक्षकार नसते. सरकारी वकील शासनाची बाजू मांडतात. तिचे नाव त्या अपिलाच्या कागदांत साक्षीदारांच्या यादीत असते.