गोळ्यांचे रिकामे पाकीट फेकू नका



ऊसतोडीच्या दिवसांत मोळ्या वाहून गड्याची कंबर धरते. संध्याकाळी तो दुकानातून एक गोळी आणतो. रात्री दाढ ठणकते, म्हणून दुसरी घेतो. सकाळी अंगात कसकस, म्हणून सर्दी-तापाची तिसरी. तिन्हींची नावे वेगळी, रंग वेगळे. पण पाकिटामागचा बारीक मजकूर वाचला तर तिन्हींत पॅरासिटामॉलच! असे चार दिवस चालले, की औषधाचेच विष होते.

हे औषध वाईट नाही. मोठ्या, निरोगी माणसाला 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या चोवीस तासांत आठपर्यंत, ही कमाल मर्यादा. दारूची सवय असलेल्याने, पोटात नीट अन्न नसलेल्याने किंवा कावीळ झालेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

जास्त गोळ्या गेल्या तरी पहिला दिवस फसवा असतो. थोडी मळमळ, एखादी उलटी. कधी काहीच नाही. घरचे म्हणतात, "उतरलं सगळं." आत मात्र यकृत होरपळत असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखते, डोळे पिवळे होतात, माणूस बरळू लागतो. मग कावीळ समजून झाडपाला सुरू होतो आणि मोलाचा वेळ जातो.

म्हणून सोलापूरच्या सिव्हिलमध्ये जा की तालुक्याच्या दवाखान्यात, डॉक्टर आधी विचारतील: कोणती गोळी? किती? केव्हा? वजन किती? नुसत्या तपासण्याने हे विष ओळखू येत नाही. एकाच वेळी गोळ्या घेतल्या असतील, तर चार तासांनंतर रक्तातले प्रमाण मोजतात आणि 1975 साली रुमॅक व मॅथ्यू या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या तक्त्याशी ताडून पाहतात. वेळ ठाऊक नसेल, किंवा गोळ्या चार दिवस चालू असतील, तर तो तक्ता कामाचा नाही. तेव्हा तुमची हकिगत आणि यकृताची रक्ततपासणी, हाच आधार. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. पहिल्या आठ तासांत मिळाला तर यकृत बहुधा वाचते. उशीर झाला तरी न्याच; तेव्हाही उपयोग होतो.

आयाबायांनी एक ध्यानात ठेवावे. तापाचे थेंब आणि पातळ औषध एक नव्हे. थेंबांच्या 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते. साध्या पातळ औषधाच्या 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125. थेंबांचे औषध चमच्याने पाजले, तर बाळाला चौपट जाते.

कोणी रागाच्या किंवा दुःखाच्या भरात गोळ्या घेतल्या, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचारांचा हक्क दिला आहे. त्याला रागावू नका, एकटे सोडू नका. मनाच्या आधारासाठी 14416 हा सरकारी दूरध्वनी चोवीस तास चालू असतो.

मिठाचे पाणी पाजू नका, घशात बोटे घालू नका. 108 ला फोन करा. घरातली सगळी पाकिटे, रिकामी आणि अर्धी, पिशवीत घाला आणि गोळ्या घेतल्याची वेळ कागदावर लिहून न्या. उकिरड्यावर टाकायचे ते पाकीट डॉक्टरांच्या हाती पडले, तर घरचे माणूस वाचू शकते.