सराव करताय, पण नेमका कशाचा?

रविवारी सकाळी कुठल्याही गोल्फ क्लबच्या ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन बघा. बहुतेक हौशी मंडळी ड्रायव्हर काढून लांब फटके मारत असतात. चेंडू दोनशे यार्ड गेला की छाती फुगते, शेजारचाही बघतो ना! पलीकडे पटिंगच्या सरावाला मात्र शुकशुकाट.

मग सगळे सल्ला देतात, पटिंगवर लक्ष द्या. हिशेबही बरोबर वाटतो. पार 72 च्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात, 18 होलचे झाले 36. निम्मे फटके तिथेच!

मला हा सल्ला अर्धवट वाटतो. मार्क ब्रॉडी हे कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक (हो, बिझनेस स्कूलचेच). त्यांनी हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्यांच्या नोंदी तपासल्या. दोघांच्या स्कोअरमधला साधारण दोन तृतीयांश फरक 100 यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत निघाला. त्यांनी नुसते फटके मोजले नाहीत. ज्या जागेवरून मारला, तिथून साधारण किती लागायला हवे होते, त्याच्याशी तुलना केली. 20 फुटांवरून दोन पट लागले तर जीवाला लावून घेऊ नका, व्यावसायिकालाही बहुधा दोनच लागतात. पण टीवरून चेंडू हद्दीबाहेर गेला, तर एक फटका दंड आणि परत टीवरूनच मारायचं.

अर्थात ही झाली सरासरी. तुमचं दुखणं वेगळं असू शकतं. म्हणून पुढचे पाच राउंड स्कोअरकार्डवर आकड्याशेजारी एक शब्द लिहा: हद्दीबाहेर, पाणी, बंकर, तीन पट. जो शब्द जास्त वेळा आला, आधी त्याचा सराव. आणि एकाच क्लबने पन्नास चेंडू बडवू नका. कोर्सवर तसा प्रसंग येतच नाही, दर चेंडूला क्लब आणि निशाणा बदला. कंटाळवाणं आहे, मान्य.

आपल्या धंद्यातही तेच चालतं. विक्री कमी झाली की आपण इन्स्टाग्रामचा कोर्स लावतो, कारण त्यात मजा येते. उधारीची वही मात्र उघडवत नाही. कोटेशन घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत का आलं नाही, हे विचारायला फोन उचलवत नाही. पैसा तिथेच गळत असेल तर? मार्केटिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण पाच आठवडे नोंद ठेवल्याशिवाय त्यात दमडी घालू नका.

"सर, कोच लावू का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. जरूर लावा. फक्त पहिल्या दिवशी ती पाच कार्डं सोबत न्या. नाहीतर तो तुमची पकड आणि स्विंग दुरुस्त करत बसेल, आणि फी तर तासावर असते.