सुरिनामला जायचं तर दिवाळीत

परदेशवारीचा विषय निघाला की जुन्नर तालुक्यातल्या आमच्या निमगाव साव्यात गाडी दुबई-थायलंडच्या पुढे सरकत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचं नाव काढावं तर तीन आक्षेप ठरलेले: तिथं जंगल आहे, भाषा कळणार नाही, बघायला काय आहे?

जंगलाची भीती निदान आपण तरी सांगू नये. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी धरायला निघणारा जुन्नरचा माणूस रोज बिबट्याच्या शेजारानं राहतो. सुरिनामचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली आहे, पण बहुतेक वस्ती किनारपट्टीला. जग्वार दिसलाच तर नशीब समजा. धास्ती घ्यायची ती डासांची. पीतज्वराची लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. तो नसेल तर परतल्यावर विलगीकरणात बसावं लागू शकतं.

भाषेचं म्हणाल तर कारभार डचमध्ये, बाजार स्रानान टोंगोत. 5 जून 1873 रोजी ‘लाला रूख’ जहाजातून कोलकात्याहून आलेले मजूर तिथं उतरले. त्यांच्या वंशजांची सरनामी भोजपुरी-अवधी वळणाची, हिंदी सिनेमे पाहिलेल्याला बरीच ओळखीची वाटेल. म्हणून लगेच ‘आपलीच माणसं’ म्हणत गळ्यात पडायचं कारण नाही. तिथं 1890 पासून आलेले जावानीज आहेत, मळ्यांतून पळून जंगलात गावं वसवणाऱ्या गुलामांचे वंशज मरून आहेत, मूळनिवासी आहेत. राजधानी पारामारिबोत सिनेगॉग आणि मशीद शेजारी-शेजारी उभी आहेत. त्यावर लगेच समभावाचं भाषणही नको. त्याच देशात पक्ष जमातींवर उभे राहिले, 1980 मध्ये लष्करानं सत्ता बळकावली. तरीही बटाटा, कोंबडी आणि चवळीच्या लांब शेंगा घातलेली रोटी तिथं सगळेच खातात. ज्या जुन्नर तालुक्यातल्या लेण्यांना यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दानं दिली, त्यानं परक्या माणसांना बिचकावं?

आता वेळ. फेब्रुवारी ते एप्रिल तिथं थोडी उघडीप असते, पण तेव्हा आपला कांदा काढणीला येतो. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत मोठी उघडीप. त्यातच दिवाळी, आणि तिला तिथं राष्ट्रीय सुट्टी! रब्बी कांद्याच्या लागणीआधी परतता येतं.

पण सात दिवसांचं पॅकेज मागू नका. ॲमस्टरडॅममार्गे जाण्यायेण्यातच दिवस मोडतात. अट्योनीपर्यंत गाडीनं आणि पुढं सुरिनाम नदीतून लांब होडीनं सारामाका मरूनांच्या गावांत जायचं, तर पाणी उतरल्यावर खडक वर येतात, होडी सावकाश हाकावी लागते. घाईच्या बेतात ही होडीच आधी वगळली जाईल; मग थायलंड काय वाईट आहे?